विश्लेषण : जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांतील चित्रे तिच्या काळातली नाहीतच! मग ‘रीजन्सी’ पोशाख आपल्याला दाखवला कोणी?

‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ मोबाइलवर मोफत उतरवून घेतली, की मजकुरासोबत अनेकदा नाजूक रेखाचित्रेही येतात. उंच कंबरेचे झगे घातलेल्या बहिणी, घट्ट कोट आणि उंच बूट घातलेले तरुण, घोडागाडी, नाचाचा दिवाणखाना. ही चित्रे कादंबरीच्या काळातलीच असणार, असे वाचणारा सहज धरून चालतो. प्रत्यक्षात यातली बहुतेक चित्रे कादंबरी प्रसिद्ध झाल्यावर ८० वर्षांनी काढलेली आहेत. त्याआधी आलेल्या चित्रांत तर पात्रांना भलत्याच दशकाचे कपडे आहेत. १६ डिसेंबर २०२५ रोजी ऑस्टिनच्या जन्माला २५० वर्षे झाली. तिच्या काळाचे जे चित्र आपल्या डोक्यात आहे ते कुठून आले, याचा हा आढावा.

‘रीजन्सी’ काळ म्हणजे नेमका कोणता?

इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज मानसिक आजारामुळे कारभार पाहू शकत नव्हता. म्हणून १८११ मध्ये त्याच्या मुलाला ‘रीजंट’, म्हणजे राजाच्या वतीने कारभार पाहणारा, नेमण्यात आले. १८२० मध्ये राजाचे निधन झाले आणि हा मुलगा चौथा जॉर्ज म्हणून गादीवर आला. मधली ही ९ वर्षे म्हणजे रीजन्सी. पोशाख आणि घरसजावटीच्या बाबतीत मात्र साधारण १७९५ पासून १८२० च्या दशकापर्यंतचा काळ या नावाखाली धरला जातो.

ऑस्टिनच्या सहाही कादंबऱ्या या ९ वर्षांतच प्रसिद्ध झाल्या. ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ १८११ मध्ये, ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ १८१३ मध्ये, तर ‘नॉर्थँगर अ‍ॅबी’ आणि ‘पर्स्युएशन’ तिच्या मृत्यूनंतर डिसेंबर १८१७ मध्ये. ‘एमा’ तर याच रीजंटला अर्पण केलेली आहे. ऑस्टिनला तो माणूस आवडत नव्हता, पण राजवाड्यातून सूचना आल्यावर नाही म्हणण्याची सोय नव्हती.

आपल्याकडचे कॅलेंडर शेजारी ठेवले तर काळ पटकन कळतो. १८०३ मध्ये आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे मराठ्यांविरुद्ध लढलेला आर्थर वेलस्ली हाच १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. ‘पर्स्युएशन’ बाजारात आली त्यानंतर काही महिन्यांतच पुण्यातील पेशवाई संपली.

मूळ पुस्तकांत चित्रे का नव्हती?

याचे सरळ उत्तर म्हणजे खर्च. त्या काळी पुस्तकाचा मजकूर खिळे जुळवून छापला जाई. खिळ्याचा उंचवट्याचा भाग शाई घेतो. चांगल्या दर्जाचे चित्र मात्र तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले असे आणि त्यात शाई खोलगट रेघांत भरली जाई. दोन्हींची पद्धत उलटी, त्यामुळे एकाच वेळी एकाच यंत्रावर छपाई होत नसे. चित्राचे पान वेगळे छापायचे, मग शिलाईच्या वेळी पुस्तकात घालायचे. रंग हवे असतील तर प्रत्येक प्रतीवर हाताने भरायचे.

‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ तीन भागांत निघाली आणि तिची किंमत होती १८ शिलिंग. पुस्तक तसेच महाग होते. लेखिकेला संपूर्ण हक्कांचे मिळाले ११० पौंड. पुस्तकावर तिचे नावही नव्हते. निनावी बाईच्या कादंबरीवर चित्रकार आणि खोदकाम करणारा कारागीर यांचा खर्च प्रकाशक कशाला करील?

ऑस्टिन स्वतःही कपड्यांचे वर्णन फार करत नाही. तिच्याकडे कपड्यांवर बोलत सुटणारी पात्रे बहुधा थोडी उथळ असतात. मिसेस बेनेट नाचाच्या कार्यक्रमातल्या लेसबद्दल सांगू लागते आणि नवरा तिला तिथेच थांबवतो. एलिझाबेथ आजारी बहिणीला भेटायला चिखल तुडवत जाते तेव्हा तिच्या पेटीकोटला लागलेला चिखल आपल्याला कळतो, पण झग्याचा रंग कळत नाही. या मोकळ्या जागा पुढे चित्रकारांनी भरल्या.

पहिली चित्रे कधी आली? त्यात काय खटकते?

इंग्लंडमध्ये पहिली सचित्र आवृत्ती रिचर्ड बेंटली या प्रकाशकाने १८३२-३३ मध्ये काढली. एका भागात पूर्ण कादंबरी, किंमत ६ शिलिंग, अशी ती स्वस्त मालिका होती. प्रत्येक पुस्तकात चित्रे दोनच, एक सुरुवातीला आणि एक शीर्षकपानावर. चित्रकार होता फर्डिनंड पिकरिंग. तोवर तांब्याऐवजी पोलादी पत्रा वापरात आला होता. पोलाद लवकर झिजत नाही, एका पत्र्यावरून कितीतरी जास्त प्रती निघतात. त्यामुळे स्वस्त पुस्तकातही चित्र परवडू लागले.

पण पिकरिंगची एलिझाबेथ १८३३ ची तरुणी आहे. कंबर खाली आलेली, झग्याचा घेर वाढलेला, बाह्या फुग्यासारख्या फुगलेल्या. कादंबरी येऊन २० वर्षे झाली होती आणि एवढ्यात फॅशन पूर्ण बदलली होती. ऐतिहासिक पोशाख दाखवावा, असे कुणाला वाटलेच नाही. वाचकाच्या दृष्टीने ही ‘जुन्या काळाची’ गोष्ट नव्हतीच. आज आपण २००५ मधल्या कथेवर चित्र काढताना पात्राच्या हातात नकळत स्मार्टफोन द्यावा, तसाच हा प्रकार.

थॅकरेने काय केले?

विल्यम थॅकरेची ‘व्हॅनिटी फेअर’ १८४७-४८ मध्ये हप्त्याहप्त्याने आली. कथा वॉटर्लूच्या लढाईच्या आसपासची, म्हणजे ऐन रीजन्सीतली. चित्रे लेखकानेच काढलेली. तरी त्याच्या पात्रांच्या अंगावर १८४० च्या दशकाचे कपडे आहेत. याचे कारण त्याने कादंबरीतच एका टिपेत सांगून टाकले आहे. आपल्या नायक-नायिकांना त्या काळाचेच कपडे द्यायचे मनात होते, पण ते इतके बेढब दिसले की बेत सोडून दिला, असा त्याचा आशय.

ही टीप महत्त्वाची आहे. आज रीजन्सी पोशाख म्हणजे नजाकत, असे समीकरण आहे. ३० वर्षांनंतरच्या पिढीला मात्र तोच पोशाख हास्यास्पद वाटत होता. आई-वडिलांच्या लग्नाच्या अल्बममधले बेलबॉटम पाहून मुले हसतात, तसेच. आजोबांच्या काळातला पोशाख मात्र पुन्हा देखणा वाटू लागतो. रीजन्सीच्या बाबतीत हा क्षण आला १८७० नंतर. केट ग्रीनवे या चित्रकर्तीने १८७९ च्या ‘अंडर द विंडो’ या पुस्तकात लहान मुलांना उंच कंबरेचे झगे आणि टोप्या घातल्या आणि तशा पोशाखाची लाटच आली.

‘मोराची आवृत्ती’ एवढी प्रसिद्ध का?

१८९४ मध्ये जॉर्ज अ‍ॅलन या प्रकाशकाने ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ काढली. मुखपृष्ठावर सोनेरी मोर, आत ह्यू थॉमसनची १६० चित्रे. उत्तर आयर्लंडच्या कोलरेन गावचा हा चित्रकार १८९१ च्या ‘क्रॅनफर्ड’च्या चित्रांमुळे आधीच गाजला होता. त्यानंतर ऑस्टिनच्या उरलेल्या पाचही कादंबऱ्या त्याने मॅकमिलनसाठी चितारल्या. आज मोफत ई-पुस्तकांत दिसणारी रेखाचित्रे बहुतेक वेळा त्याचीच असतात.

त्याच्यापाठोपाठ केंब्रिजचे चार्ल्स आणि हेन्री ब्रॉक हे भाऊ आले. चार्ल्सने १८९५ मध्ये याच कादंबरीची चित्रे काढली आणि १९०० नंतर रंगीत चित्रेही केली. या भावांनी स्टुडिओत जुने फर्निचर आणि जुने कपडे जमवले होते. घरच्यांनाच ते घालून उभे करायचे आणि चित्र काढायचे, अशी त्यांची पद्धत. त्यामुळे त्यांच्या चित्रांतली खुर्ची खरोखर बसण्याची वाटते आणि कोटाची घडी खरी वाटते.

यामागे तंत्रज्ञानाचा मोठा वाटा होता. १८८०-९० च्या दशकांत फोटोच्या साहाय्याने जस्ताचा ब्लॉक बनवता येऊ लागला. चित्रकाराने शाई-टाकाने कागदावर काढायचे, त्याचा फोटो जस्तावर उतरवायचा आणि नको असलेला भाग आम्लाने खायचा. उरतो तो उंचवट्याचा ठसा. तो खिळ्यांच्या शेजारी बसतो आणि मजकुराबरोबर एकाच फटक्यात छापला जातो. मध्ये खोदकाम करणारा कारागीर नाही, चित्रकाराची रेघ जशीच्या तशी पानावर. एका पुस्तकात १६० चित्रे परवडली ती यामुळे.

ही चित्रे अचूक आहेत का?

कपड्यांच्या बाबतीत बरीचशी आहेत, दृष्टीच्या बाबतीत नाहीत. थॉमसन आणि ब्रॉक बंधूंचा इंग्लंड रेल्वे आणि कारखान्यांच्या धुराचा होता. त्यांच्या वाचकाला शांत गाव, बाग, घोडागाडी, हसरे म्हातारे हवे होते. ते या चित्रांनी भरपूर दिले. ऑस्टिनच्या कादंबरीतला धारदार भाग यात बोथट होतो. बेनेट कुटुंबाला मुलगा नाही, त्यामुळे वडील गेले की घर दूरच्या नातेवाइकाकडे जाणार आणि पाच मुली रस्त्यावर येणार, ही कथेची खरी भीती. चित्रांत मात्र लग्नाची मजेदार लगबग दिसते.

अस्सल पोशाख पाहायचा तर पुरावा कुठे आहे?

पहिला पुरावा म्हणजे त्या काळची मासिके. रुडॉल्फ अ‍ॅकरमनचे ‘रिपॉझिटरी ऑफ आर्ट्स’ १८०९ पासून जवळपास २० वर्षे निघाले. त्यात हाताने रंगवलेली फॅशनची चित्रे असत आणि काही अंकांत कापडाचे खरे तुकडे चिकटवलेले असत. १९२३ मध्ये आर. डब्ल्यू. चॅपमन या अभ्यासकाने ऑक्सफर्डसाठी ऑस्टिनची संशोधित आवृत्ती तयार केली तेव्हा नवी चित्रे काढून न घेता अशीच समकालीन चित्रे वापरली. मात्र मासिकातले चित्र ही एका अर्थी जाहिरातच. आजच्या साडीच्या कॅटलॉगवरून गावातल्या बायका रोज काय नेसतात हे कळत नाही, तसेच तेव्हाही.

दुसरा पुरावा जास्त भरवशाचा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात बार्बरा जॉन्सन या पाद्र्याच्या मुलीची वही आहे. १७४६ ते १८२३ या काळात शिवलेल्या कपड्यांचे तुकडे तिने त्यात लावले आणि शेजारी तारीख, भाव लिहून ठेवला. ऑस्टिनही पाद्र्याचीच मुलगी, म्हणजे जवळपास त्याच थरातली. हॅम्पशायरमध्ये जपलेला एक तपकिरी रेशमी अंगरखा तर खुद्द जेनचा असावा असे मानले जाते. त्याच्या मापावरून ती उंच आणि सडपातळ असावी, असा अंदाज बांधता येतो.

या सगळ्यातून दिसणारा पोशाख असा : बायकांची कंबर थेट छातीखाली, घेर कमी, कापड बहुधा पांढरे आणि पातळ. पूर्वी घेरदार झग्याखाली कमरेला बांधायचे खिसे असत. आता ते बाहेरून दिसू लागले म्हणून हातात छोटा बटवा आला. दिवसा गळा झाकलेला, रात्रीच्या नाचाला खोल. पुरुषांना मागे शेपटी असलेला कोट आणि गळ्याभोवती खळ दिलेला पांढरा रुमाल. केसांना पावडर लावणे १७९५ च्या करानंतर झपाट्याने मागे पडले.

या पोशाखाचा भारताशी काय संबंध?

मोठा आहे. तो पांढरा झगा मलमलीचा होता आणि उत्तम मलमल म्हटले की बंगालची. ‘नॉर्थँगर अ‍ॅबी’तला हेन्री टिल्नी बहिणीसाठी अस्सल भारतीय मलमल यार्डाला ५ शिलिंग दराने घेतल्याचे अभिमानाने सांगतो. ‘मॅन्सफिल्ड पार्क’मधल्या लेडी बर्ट्रामला भाच्याने ईस्ट इंडीजला जावे असे वाटते, कारण तिला शाल हवी आहे. ऑस्टिनची आत्या फिलाडेल्फिया लग्नासाठी भारतात आली होती आणि तिची मुलगी एलायझा कोलकात्यात जन्मली. थॅकरेचा जन्मही १८११ मध्ये कोलकात्यातच झाला.

काश्मिरी शालीला एवढी मागणी होती की स्कॉटलंडच्या पेझ्ली गावात तिची नक्कल विणली जाऊ लागली. आपण ज्या नक्षीला कोयरी म्हणतो तिला इंग्रजीत या गावाचेच नाव पडले. दुसरीकडे, इंग्लंडच्या गिरण्यांतले स्वस्त कापड वाढत गेले तसा बंगालच्या विणकरांचा धंदा बसला. चित्रातल्या शुभ्र झग्यामागे हा व्यवहार आहे.

चित्रांत कोण दिसत नाही?

पांढरी मलमल एकदा चिखलात गेली की ती धुणारे कुणीतरी लागते. एलिझाबेथचा तो पेटीकोट मोलकरणीने धुतला असणार, पण ती चित्रात नाही. ब्रिटिश कादंबरीकार जो बेकर हिने २०१३ च्या ‘लाँगबोर्न’ कादंबरीत हीच कथा नोकरांच्या बाजूने सांगितली. ‘मॅन्सफिल्ड पार्क’च्या घराचा पैसा काही अंशी अँटिग्वाच्या मळ्यांतून येतो, जिथे गुलाम राबत होते. ऑस्टिनच्या अपूर्ण ‘सँडिटन’मध्ये वेस्ट इंडीजची श्रीमंत वारस मिस लॅम्ब आहे. थॉमसन किंवा ब्रॉकच्या चित्रांवरून मात्र इंग्लंडमध्ये फक्त गोरे, नीटनेटके लोक राहत होते असेच वाटेल.

सिनेमाने चित्र सुधारले का?

प्रत्येकाने आपल्या आवडीने बदलले. १९४० च्या हॉलिवूडपटात कथा १८३० च्या आसपास सरकवली, कारण घेरदार झगे पडद्यावर भरगच्च दिसतात. म्हणजे पिकरिंगचाच काळ पुन्हा आला. २००५ च्या चित्रपटात दिग्दर्शक जो राइटने उलट १७९० चे दशक घेतले, त्याला उंच कंबर आवडत नव्हती. थॅकरेची तक्रारही कपडे वाईट दिसतात, हीच होती. १९९५ च्या बीबीसी मालिकेत ओल्या शर्टातला डार्सी गाजला, पण कादंबरीत तो प्रसंग नाही. ‘ब्रिजर्टन’ तर काळाची चौकट मोकळेपणाने मोडते. दूरदर्शनने १९८५ मध्ये ‘तृष्णा’ मालिकेत हीच कथा भारतीय घरात आणली आणि पोशाखाचा प्रश्नच मिटवला.

लेखिकेचा चेहरा तरी खरा आहे का?

इंग्लंडच्या १० पौंडांच्या नोटेवर सप्टेंबर २०१७ पासून ऑस्टिन आहे. तोही चेहरा सुधारलेलाच. बहीण कॅसँड्राने १८१० च्या सुमारास काढलेले छोटे चित्र नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. त्यात हाताची घडी घातलेली, काहीशी त्रासलेली बाई दिसते. १८७० च्या सुमारास पुतण्याने तिचे चरित्र लिहिले तेव्हा त्यावरून जेम्स अँड्र्यूजकडून नवे चित्र करून घेतले. डोळे मोठे झाले, चेहरा सौम्य झाला, हाताची घडी गेली. नोटेवर हाच सौम्य चेहरा आहे.

चित्राचा काळ कसा ओळखायचा?

मोबाइलवर चित्र मोठे करून चार गोष्टी पाहा. पहिली, कंबर : छातीखाली असेल तर पोशाख रीजन्सीचा, नैसर्गिक जागी असेल तर १८२५ नंतरचा. दुसरी, बाही : फुग्यासारखी मोठी असेल तर १८३० चे दशक. तिसरी, घेर : पिंजऱ्यासारखा रुंद असेल तर १८५६ नंतरचा. चौथी, छपाई : मजकुरात मिसळलेली शाई-टाकाची मोकळी रेघ दिसली की चित्र बहुधा १८९० च्या दशकातले, मग पोशाख कितीही जुना असो.

शेवटी पुस्तकाच्या पहिल्या पानांवर चित्रकाराचे नाव आणि आवृत्तीचे साल शोधा. ऑस्टिनच्या पुस्तकात ते १८३३ असेल तर पोशाख चित्रकाराच्या काळाचा, १८९४ असेल तर पोशाख लेखिकेच्या काळाचा पण नजर चित्रकाराची, एवढे लक्षात ठेवले तरी पुरते. मजकूर १८१३ चाच आहे. तो वाचताना चित्रांवर बोट ठेवून पुढे सरकलात तरी एलिझाबेथचे काही बिघडणार नाही.